शिळ्या वरणाच्या रंगाची लोकर

मित्रांनो, कर्नल ग्रेवालसाहेब आमच्या व्हरांड्यात पहिल्यांदा येऊन बसले, तेव्हा त्यात त्यांचा फायदा काय होता ते मी आधी मांडते आणि मग माझी ओळख करून देते. मोठ्या माणसांच्या भलेपणाकडे बघायची ही माझी रीतच आहे. ती वाईट नाही. कुणाला काय हवं होतं ते एकदा नीट कळलं, की माणसं उलट जास्त आवडायला लागतात.

कर्नलसाहेबांना माश्या हव्या होत्या. खऱ्या नव्हेत, गळाच्या. डोंगरातल्या थंडगार नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यातले किडे खातो. त्याला फसवायला गळावर दोरा, लोकर आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून खोटा किडा करतात, आणि त्याला हे शौकीन लोक माशी म्हणतात. साहेबांचा विलायतेतला भाऊ दरवर्षी डबी भरून माश्या पाठवायचा. तो वारला. स्वतः बांधाव्यात, तर साहेबांना नदीचा पलीकडचा काठ स्वच्छ दिसे, पण हातातल्या गळाचं भोक दोन चष्मे लावूनही सापडत नसे. शिवाय मिसेस ग्रेवालांनी घरात रम बंद केली होती. अशा वेळी पाठच्याच गल्लीत एक रिकामा बसलेला डॉक्टर असावा, त्याची नजर तरुण असावी, आणि त्याला एक व्हरांडा असावा, याहून जास्त माणसाने देवाकडे काय मागावं?

आता मी. मी एक जुनी लोकर आहे. कुलूकडच्या मेंढ्यांच्या अंगावर मी वाढले, लुधियानाच्या एका गिरणीत कातली गेले आणि मेंदीच्या पानासारखा हिरवा रंग घेऊन चार पदरी होऊन बाहेर पडले. ते १९६६ साल होतं. चंडीगड नुकतंच दोन राज्यांची राजधानी झालं होतं आणि त्याच थंडीत डॉ. चारुदत्त आगाशे यांचं लग्न होऊन रत्नप्रभाबाई सांगलीहून तिथे आल्या. सांगलीच्या मुलीने थंडी म्हणजे काय ते फक्त भूगोलात वाचलेलं. मिसेस ग्रेवालांनी त्यांना हिवाळ्याच्या उन्हात हिरवळीवर बसवलं, हातात सुया दिल्या, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा ओतल्या आणि विणायला शिकवलं. नवऱ्यासाठी पहिला स्वेटर विणला तो माझा. टाके इतके सारखे होते, की मिसेस ग्रेवाल सगळ्या गल्लीला तो उलटा करून दाखवत फिरल्या. तेवढी वाहवा मला पुढे कधी मिळाली नाही.

मग रत्नप्रभाबाईंनी स्वेटर धुतला आणि सांगलीला साड्या वाळत घालतात तसा दोरीवर टांगला. ओली लोकर स्वतःच्याच वजनाने लोंबते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाह्या गुडघ्याला आल्या. डॉक्टरांनी तो घालून पाहुण्यांसमोर दोन्ही हात हलवून दाखवले आणि म्हणाले, "बघा, स्वेटर आहे की माझा चंडीगडचा मुक्काम? संपतच नाही!" सगळे हसले. रत्नप्रभाबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला एकटीने उसवलं.

लोकरीला उसवण्याचं दुःख नसतं, मित्रांनो. उसवलेल्या लोकरीला कुरळेपणा येतो, तिची लडी करून धुतात, खाली पाण्याचा तांब्या बांधून टांगतात, की ती पुन्हा सरळ होते. मी त्यांच्या लेकीचं, लीनाचं झबलं झाले, मग टोपडं, मग माकडटोपी. लीना मोठी झाली, मी धुतली जात राहिले, आणि मेंदीचा रंग उतरत उतरत शिळ्या वरणाच्या रंगावर आला. शेवटी मी बिस्किटांच्या डब्यात डांबरगोळ्यांसोबत जाऊन पडले. माझं आता पुढे काही व्हायचं नव्हतं. फार तर सतरंजीची गुंडाळी बांधायला उपयोग.

आणि १९७८च्या डिसेंबरात, सकाळच्या धुक्यात, चौकाला वळताना डॉक्टरांची स्कूटर घसरली.

उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण अंगठा लाकडासारखा झाला होता. तर्जनीच्या टोकापाशी तो जाऊन टेकेना. तुम्हाआम्हाला वाटेल, त्यात एवढं काय? पण डॉक्टर सर्जन होते. पोट उघडून आतलं ठीक करून पुन्हा शिवायचं, हे त्यांचं काम. ज्याचा अंगठा बोटाला टेकत नाही तो गाठ कशी मारणार? इस्पितळातल्या त्यांच्या वरिष्ठांनी बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, "एप्रिलातल्या बैसाखीच्या सणापर्यंत बघू. नाहीच झालं तर तुम्ही शिकवायला बसा. शिकवणं हेही मोठंच काम आहे." ते 'मोठंच' डॉक्टरांच्या कानात अडकून बसलं.

व्यायाम शिकवणारी मिस सूद म्हणून एक मुलगी यायची. तिने रबराचा चेंडू दिला आणि म्हणाली, "सर, घर में ऊन होगी ना? निटिंग कीजिए. अंगूठे के लिए सबसे अच्छा."

ती गेल्यावर डॉक्टरांनी चेंडू भिंतीवर मारला. "मी सर्जन आहे. आता बायकांच्या घोळक्यात बसून उलट-सुलट विणू?"

"घोळका तुम्हाला घेणार नाही," रत्नप्रभाबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "आमच्याकडे पण काही पात्रता लागते."

अशा घरात कर्नलसाहेब आले. काठी टेकत, पांढरी दाढी नीट बांधून, एका हातात काचेचा पेला आणि काखेत लाकडी खोका.

"ओ डाक्टर, खाली बैठा है?"

"बैठा हूँ, कर्नलसाब. और कर भी क्या सकता हूँ."

"तो फिर मेरा काम कर." त्यांनी खोक्यातून एक छोटा लोखंडी शिकंजा काढून टेबलाच्या कडेला आवळला आणि त्यात नखाएवढा गळ पकडला. "मार्च में ऊपर पहाड़ में बरोट की नदी मछली पकड़ने के लिए खुलती है. मुझे मक्खियाँ चाहिए."

डॉक्टरांनी बायकोकडे वळून मराठीत सांगितलं, "माझा अंगठा हलत नाही आणि ह्यांना माश्या हव्यात."

"मग नाही म्हणा."

"तोंडावर कसं म्हणू?"

"मग हो म्हणा. चिडायला माझ्याशिवाय दुसरं काहीतरी मिळेल तुम्हाला." आणि साहेबांकडे वळून त्या आपल्या सांगलीकडच्या हिंदीत म्हणाल्या, "एक अट है, कर्नलसाब. काँटा घर में आएगा, मछली नहीं आएगी."

"बहनजी, एक छिलका भी आए तो मुझे गोली मार देना."

"और ये गिलास में क्या है?"

"ये? ये तो खाँसी की दवा है."

सांगलीच्या बाईला रमचा वास कळत नाही असं साहेब धरून चालले होते. बाईंना तो पहिल्या दिवशीच कळला. पण संध्याकाळभर नवरा भिंतीकडे बघत बसणार नसेल, तर थोडा खोकला चालेल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. मग त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. वर लीनाच्या शाळेच्या स्वेटरसाठी आणलेली नवी तपकिरी लोकर होती. तिला हात लावू न देता त्यांनी तळातून मला काढलं. "ही घ्या शिकायला. हिचं काही व्हायचं नाहीये."

मित्रांनो, माझी निवड अशी झाली. गुणांमुळे नव्हे, वाया गेले तर कुणाला वाईट वाटणार नव्हतं म्हणून. तरी मी त्या दिवसाची ऋणी आहे. डब्याच्या तळाशी बसून कुणी गुणांची वाट बघू नये.

पहिली माशी बांधताना डॉक्टरांनी मला अख्खीच गुंडाळली. चारही पदर. दोन फेऱ्यांत गळ दिसेनासा झाला.

कर्नलसाहेबांनी ती माशी तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली. "डाक्टर, ये मक्खी है कि पकौड़ा?"

लीना दारात उभी होती, नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. "बाबा, इसके साथ चटनी भी बना दो ना!"

तेव्हा साहेबांनी धडा दिला, स्वतः न दिसताही बोटांच्या आठवणीने. लोकरीचा पीळ उलगडायचा, चार पदरांतला एकच वेगळा काढायचा. गळावर आधी रेशमी दोऱ्याच्या फेऱ्या द्यायच्या, मग त्यावर तो पदर गुंडाळत न्यायचा. शेपटीकडे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पदराला पीळ घट्ट द्यायचा, म्हणजे किड्याचं अंग तिथे बारीक आणि वळ्यावळ्यांचं दिसतं. छातीकडे येताना पीळ सैल सोडायचा, म्हणजे ते फुगीर आणि केसाळ होतं. मग पीस, मग दोऱ्याची शेवटची गाठ. एवढंच. पण या एवढ्याच्या मधोमध काय होतं ते पाहिलंत ना? चिमटी. अंगठा आणि बोट. जे मिस सूद सांगून दमली तेच.

"हे विणकाम नाही हं," डॉक्टर रत्नप्रभाबाईंना बजावत. "हे पूर्ण वेगळं आहे."

"हो, हो. विणकामात निदान अंगात घालायला काहीतरी मिळतं."

ते अधूनमधून डाव्या हाताने पीळ देऊ पाहत. बाई आतून ओरडत, "अहो, डावा फक्त धरायला! पीळ उजव्यानेच!" त्यांना आतून कसं दिसायचं, देव जाणे. गाठी सुटायच्या, पदर तुटायचा, आणि एकदा तर डॉक्टरांनी शिव्या घालून मला अंगणात भिरकावलं. साहेब शांतपणे पेल्यातून घोट घेत राहिले. ते ओरडले नाहीत, धीर दिला नाही, कीव तर मुळीच केली नाही. त्यांना माश्या हव्या होत्या. मला वाटतं, डॉक्टरांना त्याचाच उपयोग झाला. घरात बाकी जो तो त्यांच्या हाताकडे बघायचा. साहेब फक्त गळाकडे बघायचे.

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला टेकलं. मी दोघांच्या मध्ये होते, म्हणून मला सगळ्यात आधी कळलं. डॉक्टर तोच पदर पिळत राहिले, उलगडत राहिले, पुन्हा पिळत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून रत्नप्रभाबाईंनी ते पाहिलं. पोळी तव्यावर करपली. त्यांनी ती स्वतःच्या ताटात घेतली.

आता खऱ्या माश्या बांधायच्या होत्या. साहेबांनी काड्यापेटीतून गेल्या वर्षी नदीवर पकडलेले किडे आणले, वाळून कोळपलेले. डॉक्टरांनी एकेका किड्याशेजारी लोकरी लावून पाहिल्या. लीनाची तपकिरी लोकर जशीच्या तशी जुळली. रत्नप्रभाबाई कुरकुरल्या, पण दिली. मग काय सुबक माश्या झाल्या म्हणता! नथीसारख्या. मिसेस ग्रेवालसुद्धा बघून गेल्या, पेला तेवढ्यापुरता तुळशीच्या कुंडीमागे गेला. माझ्या सरावाच्या माश्या एका जुन्या बुचावर टोचून कोपऱ्यात ठेवल्या गेल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये साहेब जीप काढून बरोटला गेले आणि हात हलवत परत आले.

"एक भी नहीं!" व्हरांड्यात बसता बसता त्यांनी पेला टेबलावर आपटला. "मछलियाँ हँस रही थीं, डाक्टर. पास आती थीं, देखती थीं, और हँसकर चली जाती थीं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मासा मिळाला काय, न मिळाला काय, त्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, हात अजून कच्चाच आहे. आपल्याला सुबक वाटलं ते माशालाही फसवू शकलं नाही. आत येऊन ते रत्नप्रभाबाईंना हळूच म्हणाले, "मी कळवून टाकतो. शिकवायला बसतो."

"बैसाखी झाली का?"

"नाही, पण—"

"मग नाही."

बाहेर साहेब अजून नदीवर चिडलेलेच होते. हातवारे करताना त्यांची बाही कोपऱ्यातल्या बुचाला लागली आणि माझी एक सरावाची माशी थेट त्यांच्या पेल्यात पडली. शिळ्या वरणाच्या रंगाची मी रममध्ये बुडाले आणि भिजले. साहेब पेल्यात बोट घालणार, तोच थांबले. पेला उजेडाकडे धरला.

"डाक्टर! बाहर आ!"

भिजल्यावर माझा रंग ओल्या दगडावरच्या शेवाळासारखा झाला होता, थोडा हिरवट, थोडा मातकट. आतली जुनी मेंदी ओल्यात वर आली होती. "यही है," साहेब पुटपुटले. "पानी में कीड़ा ऐसा ही दिखता है. बिल्कुल ऐसा." डॉक्टरांनी तपकिरी माशी पेल्यात टाकली. ती काळी कुळकुळीत झाली, जळक्या वांग्यासारखी.

रत्नप्रभाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. "ओली लोकर गडद होते, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं?"

"अगं, मग तू आधी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? मला वाटलं, मासे कोरडं खातात."

डॉक्टर हसले. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. साहेबांनी दोन्ही माश्या चिमट्याने बाहेर काढल्या आणि खोकल्याचं औषध वाया जाऊ नये म्हणून पिऊन टाकलं.

नंतरच्या सगळ्या माश्या माझ्या झाल्या. आता डॉक्टरांचा हात सराईत होता. मी झिजलेली, मऊ, माझे पदर लवकर सुटायचे, पीळ सांगितल्याबरोबर धरायचे. नव्या लोकरीला एवढं ऐकायची सवय नसते. साहेब डबी घेऊन पुन्हा बरोटला गेले आणि त्या डबीत मी गेले. लोकरीचा तुकडा कुठेही गेला तरी ती तीच लोकर असते, त्यामुळे मी नदीही पाहिली. ते बर्फाचं पाणी अंगाला लागलं आणि मला ओळखीचं वाटलं. असल्याच कुठल्याशा ओढ्यावर माझ्या मेंढ्या पाणी प्यायच्या. लुधियाना, सांगलीची बाई, झबलं, माकडटोपी, एवढा सगळा फेरा घालून मी पुन्हा डोंगराच्या पाण्यात आले होते. इतक्या जुन्या लोकरीला याहून जास्त कोण देतं?

मग दगडाआडून एक सावली वर आली आणि तिने मला गिळलं.

साहेबांनी तीन मासे धरले. तिसऱ्याला काठावर घेताना त्यांचा पाय शेवाळावरून सरकला, त्यांनी स्वतःला सावरायला जोर लावला आणि जांघेत काहीतरी कळ देऊन पुढे आलं. जीप त्यांनीच चालवत आणली. चंडीगडला आले ते सरळ आमच्या व्हरांड्यात, एक हात खिशात दाबून धरलेला.

डॉक्टरांनी त्यांना खाटेवर झोपवून तपासलं. "हर्निया है, कर्नलसाब. आँत बाहर आने को करती है. आज नहीं, पर जल्दी सीना पड़ेगा."

"तो सी दे."

"मैं बड़े साहब से कहता हूँ. उनका हाथ—"

"मैंने बड़े साहब की मक्खी नहीं देखी." साहेबांनी खिशातून डबी काढली आणि तिच्यातली एक माशी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. माझी काय दशा झाली होती! माशांच्या दातांनी मी पिंजून निघाले होते, पीस अर्धं गेलं होतं. "तीनों इसी पर आईं. पत्थरों पर घिसी. अब तेरी गाँठ देख."

डॉक्टरांनी नखाने गाठ उचकटून पाहिली. ती हलली नाही. पुन्हा पाहिली.

"कर्नलसाब, मछली अलग, आदमी अलग. मेरा पहला केस होगा. कुछ हो गया तो?"

"तो मेरी बीवी तुझे छोड़ेगी नहीं," साहेब डोळे मिटून म्हणाले. "इसलिए ठीक से करना."

वरिष्ठ तयार झाले, पण शेजारी उभं राहण्याच्या अटीवर, आणि हात अडखळला तर आपण पुढे होणार असं स्पष्ट सांगून. बैसाखी चार-पाच दिवसांवर आली होती. त्या सकाळी डॉक्टरांनी माझा एक पदर कोटाच्या खिशात टाकला. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातून जाताना ते खिशातल्या खिशात मला पिळत होते, उलगडत होते. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर त्यांनी कोट खुंटीला लावला. आत काय झालं ते मी पाहिलं नाही.

समोरच्या बाकावर रत्नप्रभाबाई आणि मिसेस ग्रेवाल विणत बसल्या होत्या. 

"रतना," मिसेस ग्रेवाल विणता विणता म्हणाल्या, "वो तुम्हारे यहाँ रम पीता था ना?"

रत्नप्रभाबाईंची सुई थांबली. "आपको पता था?"

"चालीस साल की शादी है, पुत्तर. मैंने सोचा, पी ले. तेरे डाक्टर के पास कोई तो बैठे."

दोघी पुन्हा विणायला लागल्या. बाईंचे दोन टाके गळून पडले, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दार उघडलं. आधी वरिष्ठ बाहेर आले, बाकाकडे बघून मान डोलावली आणि पुढे गेले. त्यांचे हात कोरडे होते. मग डॉक्टर आले, हात नुकतेच धुतलेले. मिसेस ग्रेवालांना त्यांनी सांगितलं, "सब ठीक है, जी. अभी सो रहे हैं." मग खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी मला चिमटीत धरलं.

रत्नप्रभाबाई उठून जवळ आल्या. "अंगठा?"

"विसरलो होतो."

"काय?"

"अंगठा आहे ते. एकदम आठवलं. तोवर शेवटचा टाका घालून झाला होता."

बाईंनी पदराने त्यांचा ओला हात पुसला. चारचौघांत त्यांनी असं काही केल्याचं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट काय विचारली असेल? "नदी पर कब?" डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, दगडांवर चढायचं नाही, थंड पाण्यात उभं राहायचं नाही. बरसात संपेपर्यंत तरी नाही. साहेबांनी पंजाबीत जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या माश्यांची भरलेली डबी त्या वर्षी त्यांच्या उशाशी नुसती पडून राहिली.

त्याला आता तीन-चार वर्षं झाली. डॉक्टर रोज शस्त्रक्रिया करतात, आणि हिवाळा आला की शिकंजा टेबलाला लावतात. अंगठ्याला आता गरज नाही, सवय झाली आहे. रत्नप्रभाबाई जुने स्वेटर उसवून ठेवतात आणि रंग आधी वाटीभर पाण्यात बुडवून बघतात. माझी आता हातभर लडी उरली आहे, पुढच्या मार्चपर्यंत तीही संपेल. मला त्याची खंत नाही. मी अंगावर राहिले, लेकराच्या डोक्यावर राहिले, आणि एका माणसाच्या चिमटीत त्याचा हात परत येताना मधोमध होते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा डबा असेल. फेकून देण्याआधी त्यातलं काय आहे ते एकदा भिजवून बघा, एवढंच मागणं आहे. आणि घरात कुणी चिडून भिंतीकडे बघत बसलं असेल, तर त्याला दया दाखवू नका, काम सांगा. आपला थोडा फायदा निघत असेल तर बिनधास्त काढा.

आता राहिला हिशेब, डॉक्टरांच्या त्या हाताची किंमत कुणी कशी भरली त्याचा. लीनाने स्वेटरची एक बाही भरली; तपकिरी लोकर कमी पडली म्हणून ती बाही निळी झाली आणि वर्गात तिला वर्षभर चिडवलं गेलं. रत्नप्रभाबाईंनी एक करपलेली पोळी खाल्ली आणि आणखी काय काय गिळलं ते त्यांनाच ठाऊक. मिसेस ग्रेवालांनी माहीत असून न विचारण्याचं कष्टाचं काम केलं. मी पदरापदराने जवळजवळ संपले. आणि सगळ्यात आधी फायदा पाहून आलेल्या कर्नलसाहेबांनी स्वतःचं पोट आणि नदीचा एक अख्खा हंगाम दिला. बाकी तीन माशांनी जीव दिला. ते तीन सोडले, तर कुणावर जबरदस्ती झाली नव्हती.